अपडेट कोण करतं? पोर्ट्सच्या तीस वर्षांची गोष्ट

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथं अडखळलो तिथं थोडं साफ केलंय, बाकी जसंच्या तसं.)

ऐकता ऐकता एक काम करा. फोनमध्ये बघा, किती अॅप अपडेटसाठी थांबलीत. माझ्याकडं आत्ता १७ आहेत. आपण "अपडेट ऑल" दाबतो आणि चहा प्यायला जातो. पण हे बटण इतकं सोपं व्हायला लोकांची वीस-पंचवीस वर्षं गेलीत. आज त्यांचीच गोष्ट. मला ती कळली, कारण एका रात्री मी स्वतः मोठा घोळ घालून ठेवला होता. आधी तो सांगतो.

२०२० चा पावसाळा. कंपनीनं घरून काम करा म्हणून सांगितलं होतं, आणि मी पुण्यातली खोली सोडून गावी आलो होतो. गाव कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. समर्थ रामदासांचं जांब आमच्याच तालुक्यातलं. माळवदावर नेट बरं मिळायचं, म्हणून मी लॅपटॉप आणि मोबाईलचं हॉटस्पॉट घेऊन वर बसायचो.

आमच्याकडं एक सर्व्हर होता, फ्रीबीएसडीवर चालणारा. एका छोट्या ग्राहकाची बिलं त्यावरून निघायची. चौदा महिने त्याला कुणी हात लावला नव्हता. नोकरीला लागून मला वर्षसुद्धा झालं नव्हतं, अंगात जोर होता. शुक्रवारी संध्याकाळी मी ठरवलं, सगळं एकदाच अपडेट करून टाकू. आज्ञा दिली, बांधकाम सुरू झालं. रात्री दहाला लाईट गेली, पाठोपाठ टॉवरही गेला. सर्व्हरशी जोडणी तुटली, आणि टीमक्स न लावल्यामुळं चालू काम मध्येच मेलं.

सकाळी बघतो तर पर्लची नवी मोठी आवृत्ती बसलेली, पण तिच्यावर उभे असलेले मॉड्यूल जुनेच राहिलेले. बिलाचा प्रोग्राम उघडेना. तो दुरुस्त करायला सहा तास लागले. तेवढा वेळ ग्राहकाचा माणूस दर वीस मिनिटांनी फोन करत होता, कारण त्याच्या दारात माल भरलेल्या गाड्या उभ्या होत्या आणि बिलाशिवाय त्या हलत नव्हत्या. खाली आबा विचारत होते, "काय रं, नोकरी राहती का जाती?" मी आपला, "राहती आबा," म्हणत होतो. पण खरं मलाच माहीत नव्हतं.

माझे सीनियर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "अपडेटिंग फाईल वाचली होतीस का?" अशी फाईल असते हेच मला माहीत नव्हतं. चूक पूर्णपणे माझी. त्या रविवारी मी ती फाईल उघडली, आणि तिच्यामागचा इतिहास वाचत गेलो.

आधी घर, मग पाहुणे

फ्रीबीएसडी म्हणजे युनिक्सच्या घराण्यातली एक ऑपरेटिंग सिस्टीम. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात वाढलेल्या शाखेची ही नात. पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९९३ ला आली. तुम्ही नाव ऐकलं नसेल, पण वापर नक्की केलाय. नेटफ्लिक्सचे व्हिडिओ ज्या सर्व्हरवरून येतात ते फ्रीबीएसडीवर चालतात, आणि व्हॉट्सअॅप सुरुवातीची अनेक वर्षं याच सिस्टीमवर उभं होतं.

हिच्यात दोन भाग वेगळे असतात. एक मूळ सिस्टीम, जी प्रकल्पाचे लोक स्वतः लिहितात. दुसरा भाग बाहेरच्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा: ब्राउझर, डेटाबेस, पर्ल, पायथन, फॉन्ट, सगळं. मूळ घर एकाच्या ताब्यात असतं, पण पाहुणे हजारो. त्यांचं वेळापत्रक वेगळं, सवयी वेगळ्या. या पाहुण्यांना नीट ठेवायचं कसं, हाच आजचा विषय.

नव्वदच्या सुरुवातीला एखादा प्रोग्राम हवा असेल तर एफटीपीवरून त्याचा सोर्स उतरवायचा आणि मेक म्हणायचं. मग चाळीस ओळींच्या चुका दिसायच्या, कारण तो लिहिणाऱ्यानं दुसऱ्याच युनिक्सवर लिहिलेला असायचा. तुम्ही दोन दिवस झगडून तो चालवायचात. दुसऱ्या शहरात दुसरा कुणीतरी तेच दोन दिवस पुन्हा घालवायचा.

ऑगस्ट १९९४ मध्ये जॉर्डन हबर्ड या फ्रीबीएसडीच्या संस्थापकांपैकी एकानं मेकचे काही नियम लिहून प्रकल्पात घातले. तिथून पोर्ट्स सुरू झालं. कल्पना साधी होती. तयार प्रोग्राम साठवायचा नाही, त्याची कृती साठवायची. सोर्स कुठून आणायचा, त्यात कुठं ठिगळ लावायचं, आधी कोणत्या दुसऱ्या गोष्टी लागतात, बांधून झालेल्या फाईली कुठं ठेवायच्या, हे सगळं एका फोल्डरमध्ये. एकानं झगडायचं, बाकीच्यांनी फक्त "मेक इन्स्टॉल" म्हणायचं.

त्या फोल्डरमध्ये एक छोटी फाईल असते, डिस्टइन्फो. उतरवलेल्या सोर्सचा आकार आणि त्याचा ठसा तिच्यात लिहिलेला असतो. एक अक्षर जरी बदललेलं निघालं तरी काम तिथंच थांबतं. आम्हा जालन्याच्या लोकांना हे लगेच कळतं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, आणि पुढं जालना बियाण्यांचं शहर झालं. पेरणीच्या आधी आमच्याकडचा शेतकरी पिशवीचं सील बघतो, टॅगवरचा लॉट नंबर बघतो आणि ती पिशवी जपून ठेवतो. उगवलं नाही तर दाद मागायची कशाच्या जोरावर? डिस्टइन्फो म्हणजे सॉफ्टवेअरच्या पिशवीवरचा टॅग.

बसवणं सोपं, बदलणं अवघड

बसवायचा प्रश्न सुटला. अपडेटचा सुटला नाही. का?

मोसंबीचं झाड घ्या. आमच्याकडं मोसंबीचा डोळा दुसऱ्याच लिंबाच्या खुंटावर भरतात. वर फळ मोसंबीचं, खाली मूळ भलत्याचं. खुंटाला डिंक्या झाला तर वरची मोसंबी कितीही चांगली असू द्या, झाड वाळतं. आणि उभ्या झाडाचा खुंट बदलून दाखवा बरं! सॉफ्टवेअरचं अगदी तसंच आहे. पर्ल बदललं की त्यावरचे शेकडो मॉड्यूल पुन्हा बांधावे लागतात, आणि ते योग्य क्रमानं.

सुरुवातीला लोक हे हातानं करायचे. जुनं काढा, नवं बसवा, काय काय मोडलं ते शोधा. २००१ च्या सुमाराला अकिनोरी मुशा या जपानी प्रोग्रामरनं पोर्टअपग्रेड लिहिलं. कोण कुणावर अवलंबून आहे याची नोंद ठेवायची आणि त्या क्रमानं एकेक नवं करायचं. लोकांना हायसं वाटलं. पण ते रूबी भाषेत होतं. म्हणजे अपडेट करणारं साधनच एका पाहुण्याच्या खांद्यावर उभं, आणि रूबीच बिघडली तर? म्हणून पुढं डग बार्टननं पोर्टमास्टर लिहिलं, निव्वळ शेल स्क्रिप्टमध्ये. त्याला मूळ सिस्टीमशिवाय काहीच लागत नाही. माळवदावर बसून मी चालवलं ते हेच.

आणि ती अपडेटिंग फाईल. तिच्यात तारीखवार नोंदी असतात: अमुक तारखेला अमुक पोर्ट बदललं, तुम्ही ते वापरत असाल तर आधी हे करा, मग ते करा. साधी मजकुराची फाईल, माणसांनी माणसांसाठी लिहिलेली. माझ्या पर्लच्या घोळाचं उत्तर तिच्यात नीट पायऱ्यांसकट होतं. वाचायला पाच मिनिटं लागली असती.

दोन घराणी

पोर्ट्सची कल्पना शेजाऱ्यांनीही उचलली. ओपनबीएसडीनं १९९६ च्या सुमाराला आपलं झाड लावलं. नेटबीएसडीनं १९९७ मध्ये पीकेजीसोर्स सुरू केलं, जे आज इतर अनेक सिस्टीमवरही चालतं. लिनक्समधल्या जेंटूनं आपल्या पोर्टेजसाठी इथूनच धडा घेतला.

दुसरं घराणं डेबियनचं. १९९३ मध्ये इयन मर्डॉकनं ते सुरू केलं. त्यांचं म्हणणं, कृती आमच्याकडं राहू द्या, तुम्ही बांधलेलं पॅकेजच घ्या. १९९९ मध्ये डेबियन २.१ बरोबर अॅप्ट आलं आणि एका आज्ञेत सगळी सिस्टीम नवी करता येऊ लागली. त्यासाठी एक किंमत मोजावी लागते. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, आणि मधल्या काळात आवृत्त्या गोठवून फक्त सुरक्षेची ठिगळं लावली जातात.

ताजं हवं की स्थिर हवं, हा वाद अजून मिटलेला नाही. फ्रीबीएसडीनं २०१४ मध्ये मधला मार्ग काढला. ज्यांना रोज ताजं हवं त्यांच्यासाठी मुख्य शाखा, ज्यांना शांतता हवी त्यांच्यासाठी दर तीन महिन्यांनी नवी शाखा. त्याच सुमाराला बातिस्त दारुसाँ यांनी सुरू केलेलं नवं पीकेजी रूढ झालं, आणि जानेवारी २०१४ च्या फ्रीबीएसडी १० मध्ये जुनी साधनं गेली. आता बहुतेक लोक बांधत बसत नाहीत, तयार पॅकेज घेतात. "पीकेजी ऑडिट" म्हटलं की बसवलेल्यांपैकी कशात जाहीर झालेली भगदाडं आहेत याची यादी समोर येते. माझ्या सर्व्हरवर मी ती पहिल्यांदा चालवली तेव्हा यादी दोन पडदे भरून आली होती.

पिशवीच बदलली तर?

आता अवघड भाग.

नोव्हेंबर २०१२. फ्रीबीएसडीनं जाहीर केलं की आमच्या दोन मशीनमध्ये कुणीतरी घुसलं होतं. मूळ सिस्टीमचा कोड सुरक्षित होता. पण ती मशीनं बाहेरच्या सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधण्याच्या कामातली होती. एका डेव्हलपरची एसएसएच किल्ली चोरीला गेली होती, आणि शिरकाव १९ सप्टेंबरपासूनचा असू शकत होता. पॅकेजमध्ये फेरफार झाल्याचा पुरावा सापडला नाही. तरी त्यांनी सगळं लोकांसमोर मांडलं आणि संशयाच्या काळातली पॅकेजं बाजूला काढली. महिन्याभरानं आलेल्या ९.१ आवृत्तीसोबत तयार पॅकेजं नेहमीसारखी मिळाली नाहीत. लोक कुरकुरले. पण सील तुटलेली पिशवी विकायची नाही, हे त्यांनी पाळलं.

दुसरी घटना ताजी आहे. एक्सझेड नावाचं फाईली दाबून लहान करणारं साधन, जवळपास सगळ्या लिनक्समध्ये असतं. अनेक वर्षं ते मुख्यतः लासे कॉलिन हा एकच माणूस सांभाळत होता, फुकट. २०२२ मध्ये त्यानं उघडपणे लिहिलं होतं की आपल्या मनाची अवस्था बरी नाही, पूर्वीसारखं लक्ष देणं जमत नाही. जिया तान नावानं कुणीतरी मदत करत करत त्याचा विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एवढंच दिसलं की एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यानं ते सोडून दिलं नाही, आणि २९ मार्च २०२४ ला सगळं उघडं पडलं. तोवर ती आवृत्ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचली होती, स्थिर शाखेत नव्हती. फ्रीबीएसडीला तिचा फटका बसला नाही.

इथं टॅग कामाला आला नसता. टॅग खरा होता, बियाणंच कारखान्यात बदललं होतं. उपयोगी पडला तो बघणारा माणूस.

आपलं काय?

या यादीत आपली मराठीही आहे. डेबियनमध्ये लोहित फॉन्टचं मराठीसाठी वेगळं पॅकेज मिळतं, कारण मराठीतले श आणि ल हिंदीपेक्षा वेगळे लिहिले जातात. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये शुद्धलेखन तपासणाऱ्या अॅस्पेलची मराठी शब्दयादी आहे. तिची आवृत्ती वर्षानुवर्षं ०.१० वरच आहे. भोवतालचं जग बदलतं, कुणीतरी तिची कृती त्या बदलांशी जुळवून घेतं, आणि शब्दयादी चालू राहते. त्या माणसाला मराठी येत असेल असंही नाही.

तुमच्यापैकी कुणी फोनवर टर्मक्स वापरत असाल तर तुम्हीही याच गोष्टीत आहात. २०१५ पासून काही लोक युनिक्सचे प्रोग्राम ठिगळं लावून लावून अँड्रॉइडवर चालवतायत. अँड्रॉइड १० चे नियम बदलले, आणि २०२० मध्ये प्ले स्टोअरवरची त्याची अपडेट्स थांबली. लोकांना एफ-ड्रॉइडकडं जावं लागलं. तुमचं जुनं टर्मक्स चालेनासं झालं असेल तर फोन खराब नाही आणि तुम्हीही ढ नाही.

पोर्ट्समध्ये आज तीस हजारांहून जास्त कृती आहेत. प्रत्येकीत मेंटेनर म्हणून एक ओळ असते. ज्यांना कुणी नाही त्यांच्या ओळीत सगळ्यांचा सामाईक पत्ता असतो. म्हणजे सगळ्यांचं, पर्यायानं कुणाचंच नाही. गावच्या सार्वजनिक हापशासारखं.

दोन वर्षांपूर्वी मी तसा एक छोटा पोर्ट घेतला. फार कुणी वापरत नाही. दोन-तीन महिन्यांनी मूळ लेखक नवी आवृत्ती काढतो. मी सोर्स उतरवतो, काय बदललं ते वाचतो, बांधून बघतो, डिस्टइन्फो नवा करतो आणि पाठवतो. सगळं मिळून अर्धा तास. कुणी बदल सुचवला आणि मी दोन आठवडे उत्तर दिलं नाही, तर माझ्याशिवाय तो पुढं जाऊ शकतो. तो नियम मला आवडतो. माणूस आजारी पडतो, शेतात अडकतो, त्याचं लग्न निघतं. काम अडायला नको.

गेल्या दिवाळीत आबांनी विचारलं, "ह्याचे पैसे मिळतात का?" म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग कशाला करतो?" मी त्यांना त्या शनिवारची आठवण दिली. त्या दिवशी माझी नोकरी कुणीतरी फुकट लिहून ठेवलेल्या चार ओळींनी वाचवली होती. आबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "आता लाईट गेली तर?"

म्हटलं, आता टीमक्स लावतो आबा.

भेटू पुढच्या भागात. आणि ती थांबलेली अपडेट्स आज करून टाका.