व्यापारी निरोपांचें व्याकरण

एका पेढीनें दुसऱ्या पेढीकडून माल मागविला, तर पूर्वीं त्या एका मागणीच्या किती नकला होत? मागणाऱ्याचा कारकून ती आपल्या वहींत लिही. टपालानें आलेला कागद पाहून विकणाऱ्याचा कारकून ती पुन्हां उतरून घेई. वखारींत ती तिसऱ्यांदा लिहिली जाई, आणि आगगाडीच्या किंवा आगबोटीच्या कचेरींत चौथ्यांदा. प्रत्येक नकलेंत एखादा आंकडा इकडचा तिकडे होण्यास वाव असेच. दोन्ही पेढ्यांत संगणक आल्यावरही हा प्रकार थांबला नाहीं, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. एका यंत्रानें कागद छापावा, टपालानें तो न्यावा, आणि पलीकडे माणसानें तो वाचून दुसऱ्या यंत्रांत भरावा! मधली ही नक्कल टाळून एका पेढीच्या संगणकांतून दुसरीच्या संगणकांत मजकूर परस्पर धाडण्याची जी पद्धत, तिला इलेक्ट्रॉनिक डेटा इंटरचेंज, संक्षेपानें ई. डी. आय., म्हणतात. यंत्रांच्या प्रगतीनें ती आपोआप जन्मास आली असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास निराळें सांगतो.

या पद्धतीचें मूळ शोधूं जातां बर्लिनपर्यंत जावें लागतें. २४ जून १९४८ रोजीं सोव्हिएट रशियानें पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, लोहमार्ग आणि कालवे बंद केले. आंत वीस लाखांहून अधिक माणसें अडकलीं होतीं. त्यांना अन्न आणि कोळसा आकाशमार्गानेंच पुरवावयाचा, असें अमेरिका व ब्रिटन यांनीं ठरविलें. सप्टेंबर १९४९ अखेर सुमारें २,७७,००० खेपा झाल्या आणि सुमारें २३ लक्ष टन माल शहरांत उतरला. त्यांत सर्वांत मोठा वांटा कोळशाचा. १५ व १६ एप्रिल १९४९ च्या चोवीस तासांत तर १,३९८ खेपा झाल्या, म्हणजे जवळजवळ दर मिनिटाला एक विमान! इतकीं विमानें येऊं लागल्यावर अडचण निराळ्याच ठिकाणीं उभी राहिली. मालाबरोबर येणाऱ्या याद्या वेगवेगळ्या नमुन्यांच्या, वेगवेगळ्या भाषांतील. कोणत्या विमानांत पीठ आहे आणि कोणत्या विमानांत कोळसा, हें वेळेवर कळलें नाहीं, तर उतरलेला माल धावपट्टीवरच खोळंबावयाचा. आणि तिकडे घरोघर चुली थंड!

अमेरिकन सैन्यांतील मास्टर सार्जंट एडवर्ड गिल्बर्ट व त्याचे सहकारी यांनीं मालाच्या यादीचा एकच नमुना ठरविला. तो दूरमुद्रकावर, बिनतारी यंत्रावर, फार काय टेलिफोनवरूनही कळवितां येई. या सर्व खटाटोपांत संगणकाचा संबंध नव्हता, हें विसरतां कामा नये. अमुक जागीं अमुकच लिहावयाचें, एवढा करार मात्र होता.

युद्धोत्तर व्यापारानें हा धडा फार सावकाश घेतला. हॉलंड-अमेरिका लाइन या जहाजकंपनीनें १९६५ सालीं अटलांटिकपलीकडे मालाच्या याद्या टेलेक्सनें पाठवून त्या संगणकाच्या फितीवर उतरविल्या. १९६८ सालीं अमेरिकेंत वाहतूकदारांची एक समन्वय-समिति स्थापन झाली आणि गिल्बर्ट तिचा अध्वर्यु झाला. तिचे पहिले नियम प्रसिद्ध होण्यास १९७५ साल उजाडलें. बर्लिनपासून मोजल्यास सव्वीस-सत्तावीस वर्षें! तारा होत्या, फिती होत्या, यंत्रें होतीं. रेल्वेवाला आणि जहाजवाला यांची एका नमुन्यावर सही होत नव्हती. पुढें १९७९ मध्यें अमेरिकेंत ‘एक्स-१२’ ही समिति नेमली गेली, आणि १९८७ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालीं तयार झालेल्या ‘एडिफॅक्ट’ नियमांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

या नियमांचें स्वरूप व्याकरणासारखेंच आहे. एक्स-१२ मध्यें मागणीपत्राचा क्रमांक ८५०, बीजकाचा ८१०, आणि ‘माल निघाला’ या सूचनेचा ८५६. एडिफॅक्टमध्यें साधारणतः अधिकाच्या चिन्हानें दोन पदें वेगळीं होतात व एकेरी अवतरणचिन्हानें ओळ संपते. मग मजकुरांतच अधिकाचें चिन्ह आलें तर? त्याच्याआधीं प्रश्नचिन्ह लावावयाचें. म्हणजे तें चिन्ह मजकुराचें आहे, विरामाचें नव्हे, हें यंत्रास समजतें. ‘बारा’ म्हणजे बारा नग कीं बारा डझन, हेंही ठरलेल्या संकेतानें सांगावें लागतें; कारण यंत्राला मुनिमाप्रमाणें अंदाज बांधतां येत नाहीं.

निरोपाच्या शेवटीं एकंदर ओळी किती हें लिहिलेलें असतें आणि घेणारें यंत्र त्या मोजून पाहतें. आपल्याकडील जुन्या सराफांस ही युक्ति अपरिचित वाटली नसती. हुंडींत रक्कम लिहून तिचें निम्मे सांगत, आणि त्याची दुप्पट द्यावी असें लिहीत, तें कोणी आंकडा फिरवूं नये म्हणूनच. आज न्हावाशेवा बंदरांत येणाऱ्या मालाचीं आयातपत्रकें सीमाशुल्क खात्याच्या ‘आइसगेट’ या द्वारानें अशाच ठराविक नमुन्यांत जातात.

निरोप मिळाल्यावर पोहोच देण्याचीही रीत आहे. एक्स-१२ मध्यें तिचा क्रमांक ९९७. परंतु तिचा अर्थ एवढाच कीं, निरोप नियमांस धरून आहे व वाचतां आला. माल देऊं, असें वचन तींत नाहीं. ही पोहोच म्हणजे होकार समजून नवखा व्यापारी निर्धास्त बसला, तर दोष त्या पोहोचेचा नव्हे.

या व्यवस्थेचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाहीं. मोठ्या खरेदीदारांनीं ‘आमच्या नमुन्यांतच बीजक धाडा, नाहीं तर दंड भरा’ अशी सक्ति केली, आणि लहान कारखानदारांना महागडी यंत्रसामग्री घ्यावी लागली. कित्येकांनीं त्यांतून एक स्वस्त वाट काढली: यंत्रांत आलेली मागणी कागदावर छापावयाची, आणि कारकुनाकडून ती पुन्हां हातानें आपल्या हिशेबांत उतरवावयाची.