टॅक्स क्रेडिट आणि बदल कळविण्याची जबाबदारी : ब्रिटनमधील बांधवांसाठी उपयुक्त माहिती

नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या बांधवांना मुलांच्या संगोपनासाठी तेथील सरकारकडून मिळणारे साहाय्य हा संसाराचा मोठा आधार असतो. परंतु हेच साहाय्य काही वर्षांनी कर्ज होऊन दारात उभे राहिल्याचा अनुभव तेथील लक्षावधी कुटुंबांनी घेतला आहे. अनेकदा त्यामागे कोणाचीही लबाडी नसते. घरात काही बदल घडलेला असतो आणि तो वेळेवर कळविलेला नसतो, एवढेच कारण असते. टॅक्स क्रेडिटची योजना 5 एप्रिल 2025 रोजी संपुष्टात आली. तथापि जुन्या जादा रकमांची वसुली संपलेली नाही आणि तिच्या जागी आलेल्या योजनेतही बदल कळविण्याची जबाबदारी कायम आहे. म्हणून या विषयाची आवश्यक माहिती आम्ही येथे संकलित केली आहे.

योजनेचे स्वरूप

2002 च्या कायद्यान्वये, गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना, एप्रिल 2003 मध्ये ही योजना सुरू झाली. मुले असलेल्या कुटुंबांसाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि कमी वेतनावर काम करणाऱ्यांसाठी वर्किंग टॅक्स क्रेडिट असे तिचे दोन भाग होते. नावात टॅक्स हा शब्द असला, तरी आयकर भरावा न लागणाऱ्या कुटुंबांनाही ही रक्कम मिळत असे. पती-पत्नींना किंवा एकत्र राहणाऱ्या जोडप्याला एकच संयुक्त अर्ज करावा लागे.

हिशेब 6 एप्रिल ते 5 एप्रिल या वर्षाचा असे. आरंभी मागील वर्षाच्या मिळकतीवरून तात्पुरती रक्कम ठरविली जाई. वर्ष संपल्यावर, सर्वसाधारणपणे 31 जुलैपर्यंत, कुटुंबाने खरी मिळकत कळवावयाची आणि मग अंतिम हिशेब व्हावयाचा. दिलेली रक्कम हक्कापेक्षा अधिक ठरली, तर ती परत मागितली जाई.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या काही वर्षांत मिळकतीतील 2,500 पौंडांपर्यंतची वाढ हिशेबात धरली जात नसे. एखाद्या कुटुंबाची मिळकत 17,000 पौंडांवरून 21,000 पौंड झाली, तर 4,000 पौंडांच्या वाढीतून 2,500 वजा जाता 1,500 पौंड उरत. त्यावर 37 टक्के दराने 555 पौंडांचा हक्क कमी होई. पगारवाढ त्याच वेळी कळविली असती, तर पुढील हप्ते कमी झाले असते आणि कुटुंबाने आपला खर्च त्यानुसार आखला असता. न कळविल्यास हेच 555 पौंड खर्च होऊन गेल्यानंतर परत मागितले जात.

पहिल्याच वर्षी सुमारे 2 अब्ज पौंड जादा दिले गेल्याचे निष्पन्न झाले. जून 2005 मध्ये संसदीय लोकपाल ॲन एब्रहॅम यांनी आपल्या अहवालात वसुलीमुळे गरीब कुटुंबांवर ओढवलेल्या संकटाकडे लक्ष वेधले. त्यानंतर एप्रिल 2006 पासून 2,500 पौंडांची मर्यादा 25,000 करण्यात आली. पुढे ती टप्प्याटप्प्याने कमी होत 2016 मध्ये पुन्हा 2,500 वर आली. दुसरीकडे, महत्त्वाचे बदल कळविण्याची मुदत एप्रिल 2007 पासून तीन महिन्यांऐवजी एक महिना झाली. ती न पाळल्यास 300 पौंडांपर्यंत दंड होऊ शकत असे.

कोणते बदल कळवावे लागत?

- विवाह होणे, जोडीदारासोबत राहू लागणे किंवा विभक्त होणे. असे झाल्यास जुना अर्जच संपुष्टात येई. त्यामुळे सर्वांत मोठ्या वसुली याच कारणाने उद्भवू शकत.
- कामाचे तास 16, 24 किंवा 30 या लागू असलेल्या मर्यादेखाली जाणे.
- पाळणाघराचा किंवा बालसंगोपनाचा खर्च आठवड्याला 10 पौंड किंवा अधिक कमी होणे.
- मूल दुसरीकडे राहावयास जाणे किंवा मुलाचा मृत्यू होणे.
- सोळा वर्षांवरील मुलाने पूर्णवेळ शिक्षण सोडणे. मूल विद्यापीठात शिकत आहे म्हणून हक्क चालू राहील, असा समज चुकीचा होता. हा लाभ विद्यापीठपूर्व शिक्षणापुरताच होता.
- ठराविक कालावधीपेक्षा अधिक काळ देशाबाहेर राहणे.

गावी येताना विशेष दक्षता

शेवटचा मुद्दा आपल्या बांधवांना अधिक लागू पडतो. नाताळ, घरातील लग्न किंवा आईवडिलांचे आजारपण यांसाठी गावी आलेला मुक्काम सहज लांबतो. टॅक्स क्रेडिटसाठी ही मर्यादा साधारणतः 8 आठवडे होती. आजारपण किंवा कुटुंबातील मृत्यू हे कारण असल्यास 12 आठवडे. चाइल्ड बेनिफिट या आजही चालू असलेल्या साहाय्याला हीच मर्यादा लागू आहे.

युनिव्हर्सल क्रेडिटची मर्यादा मात्र त्याहून कमी, सर्वसाधारणपणे एक महिना आहे. परदेशी असताना जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू झाला व परतणे योग्य ठरत नसेल, तर आणखी एक महिना मिळू शकतो. म्हणजे सहा आठवडे गावी राहिलेल्या कुटुंबाचे चाइल्ड बेनिफिट अबाधित राहील, पण युनिव्हर्सल क्रेडिट थांबू शकेल. तिकीट काढण्यापूर्वीच दोन्ही नियम पाहावेत आणि प्रवासाच्या तारखा आधीच कळवाव्यात, असे आम्ही सुचवितो.

आजची स्थिती

2013 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटचा हिशेब दरमहा होतो. नोकरदारांचे वेतन मालकाकडून कर खात्याला कळविले जाते व तेथून हिशेबात येते. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांनी ते दरमहा स्वतः कळवावयाचे असते. घरभाडे, पत्ता, जोडीदार, मुले आणि प्रवास यांतील बदल मात्र प्रत्येकाने आपल्या ऑनलाइन खात्यातून कळविले पाहिजेत. एका खात्याला सांगितले म्हणजे सर्वांना कळले, असे गृहीत धरू नये. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेण्यास मनाई आहे, त्यांनी अधिकृत सल्लागाराला विचारल्याविना कोणताही अर्ज करू नये.

वसुलीचे पत्र आल्यास

जुन्या टॅक्स क्रेडिटची बाकी आता युनिव्हर्सल क्रेडिटच्या हप्त्यांतूनही कापली जाऊ शकते. असे पत्र आल्यास घाबरू नये आणि ते बाजूलाही ठेवू नये. प्रथम रक्कम कोणत्या वर्षाची व कोणत्या कारणाची आहे, हे पाहावे. हक्काचा निर्णयच चुकीचा वाटत असेल, तर 30 दिवसांच्या आत फेरविचार मागता येतो. निर्णय बरोबर असूनही चूक खात्याची असेल, तर वसुलीलाच हरकत घेता येते. त्यासाठी साधारणतः तीन महिन्यांची मुदत असते. रक्कम खरोखर देय असल्यास लहान हप्त्यांची विनंती करता येते. ब्रिटनमधील सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेत विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

अशा प्रसंगी लेखी पुरावाच उपयोगी पडतो. म्हणून बदल कळविल्याची तारीख, वेळ आणि मिळालेला संदर्भ क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा, पत्रांच्या प्रती जपाव्यात व बँकेत जमा झालेली रक्कम निर्णयपत्राशी ताडून पाहावी. घरातील व्यवहार एकच व्यक्ती पाहत असेल, तर ही वही कोठे आहे हे दुसऱ्यालाही ठाऊक असावे. ज्यांची मुले वा भावंडे ब्रिटनमध्ये आहेत, त्या वाचकांनी ही माहिती त्यांच्यापर्यंत अवश्य पोहोचवावी, ही विनंती.