बेथेल आणि गाण्यांचा गोंगाट

जालन्याजवळचं बेथेल रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं. हे देशस्थ ब्राह्मण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं, प्रकरण कोर्टात गेलं. मुलगा आईवडिलांकडे परतला आणि त्याला जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले. आपल्या इतिहासात श्रीपत भेटतो. थोरला पुढे निजामाच्या मुलखात काय करत होता, हे मला जालना जिल्ह्यात राहूनही बरंच उशिरा कळलं.

बेथेल म्हणजे देवाचं घर. घरातून पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन झोपतो, स्वप्न बघतो आणि त्या जागेला हे नाव देतो. पुढे त्याच बेथेलात आमोस संदेष्टा येतो. तो लोकांना सांगतो, की देवाला तुमची गाणी आणि वाद्यं नकोशी झालीत, त्याला न्याय हवाय. आता गंमत बघा. दीडशेवं स्तोत्र म्हणतं, डफ, झांजा, जे असेल ते वाजवून देवाची स्तुती करा. आणि मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो, दार लावून एकांतात प्रार्थना करा. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हा सरळसरळ बग वाटतो.

पण ऐकणारे कोण, ते पाहिलं की गाठ सुटायला लागते. आमोससमोरचे लोक चपलांच्या जोडासाठी गरिबाला विकणारे होते. येशू ज्यांच्याबद्दल बोलतोय ते चव्हाट्यावर उभं राहून, लोकांनी बघावं म्हणून प्रार्थना करत.

जालन्याकडे शेषाद्रींचं ऐकायला आले ते प्रामुख्याने मांग समाजातले लोक. गावच्या लग्नात, देवाच्या मिरवणुकीत हलगी यांचीच. देवळाची पायरी मात्र बंद. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या देवापुढे, तेही बाहेरून, वाजवलेल्या माणसाला स्वतःच्या प्रार्थनेत डफ वाजवायला सांगणारं स्तोत्र कसं ऐकू येत असेल? त्यात दिखावा कुठला? आणि ज्याच्या तोंडावर दुसऱ्यांनीच दार लावलं, त्याला ‘दार लावून घे’ हे वाक्य वेगळंच लागणार. आत बसून दार लावायला आधी स्वतःचं घर हवं.

शेषाद्रींनी निजाम सरकारकडून जमीन मिळवली ती यासाठीच. या माणसांना गावकुसाबाहेर नव्हे, स्वतःच्या गावात राहता यावं म्हणून.