तीनशे पंधराची कुळकथा

हरणाच्या शिकारीला गोळी कोणती, हे शिकाऱ्याने जनावर आणि रान पाहून ठरवलं, अशी आपली समजूत असते. वऱ्हाडापुरती तरी ती टिकत नाही. इथल्या कारंजा तालुक्यातला माळ मोकळा. त्यावरचा काळवीट चाळीस किलोच्या आतबाहेर, नजरेचा तिखट. आडोसा नसल्याने नेम लांबूनच धरायचा. अशा ठिकाणी हलकी, वेगवान, सरळ जाणारी गोळी हवी. परवान्यावर मिळणारी रायफल मात्र बहुधा .३१५ बोरची, आणि तिची गोळी सुमारे १६ ग्रॅमची, जड नि संथ. पल्ला वाढला की ती झपाट्याने खाली येते. ही निवड रानाची नव्हे, शस्त्र-कायद्याची.

फौजेचं काडतूस बंडखोराच्या बंदुकीत बसू नये, ही इंग्रज सरकारची धास्ती. म्हणून लष्करी बोर खासगी माणसाला बंद झाले. १९०७ मध्ये .४५० बोरवर गदा आली, तेव्हा विलायतेतल्या बंदूककारांनी .४६५ आणि .४७० काढून वाट शोधली. फौजेच्या .३०३ बोरच्या, म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच्या बाबतीत वाट निघाली ती ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीच्या आठ मिलिमीटर काडतुसातून. लष्करी ली रायफलीचीच घडण ठेवून नळी तेवढी या काडतुसाची केली, की झाली शिकारी रायफल! पुढे अशा रायफली इशापूरला बनल्या आणि काडतुसं १८६९ पासून चालत आलेल्या खडकीच्या कारखान्यात.

कोणी म्हणेल, बंदी नसती तर शिकाऱ्याने थ्री-नॉट-थ्रीच उचलली असती, मग फरक काय? बोरचा फरक थोडाच, हे मान्य. पण फौजी गोळीवर पूर्ण धातूचं कवच असतं. ती हरणातून आरपार जाते आणि जखमी जनावर दूर जाऊन तडफडत मरतं. शिकारी गोळीचं टोक शिशाचं, उघडं. अंगात शिरताच ते पसरतं आणि जनावर लवकर पडतं. कलकत्त्याजवळच्या डमडमला कॅप्टन बर्टी-क्ले यांनी १८९० च्या दशकात फौजेसाठी अशीच गोळी केली होती. १८९९ च्या हेग परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरवली. माणसाला जे क्रूर ठरलं तेच हरणाला दयेचं कसं? युद्धात शत्रू जायबंदी झाला तरी काम भागतं. शिकारीत अर्धवट जखमी जनावर सोडणं हीच क्रूरता. तेव्हा टोकाची निवड खरोखर जनावर पाहून झाली, एवढं श्रेय शिकाऱ्याला द्यायला हवं. वजन आणि वेग मात्र त्याच्या हाती नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: हीच जड गोळी रोह्याला, म्हणजे नीलगायीला, चांगली लागू पडते. खरं आहे, रोह्याचा नर दोनशे किलोंच्या वर जातो. पण हा योगायोग, योजना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत टाकलं, आणि याच तालुक्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य त्याच्यासाठी राखलं गेलं. पिकांची नासाडी करणाऱ्या रोही-रानडुकरांपुरती वनखात्याच्या परवानगीची वाट उरली. ज्या हरणाला .३१५ कधीच नीट साजली नाही, ते तिच्या टप्प्यातून कायद्यानेच बाहेर गेलं, आणि ज्याला ती साजते तो रोही सोयाबीन-तुरीत शिरलेला आहे.