व्हिसामुक्त परदेशप्रवास : बीड जिल्ह्यातील भाविकांसाठी माहिती

‘व्हिसा लागत नाही’ म्हणजे ‘कागदपत्रे लागत नाहीत’ असे नव्हे, हे आम्ही प्रथमच नमूद करतो.

नेपाळ व भूतान येथे भारतीय नागरिकांना व्हिसा लागत नाही; पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. प्रौढांनी केवळ आधार कार्डावर विसंबू नये. मॉरिशसलाही व्हिसा लागत नाही. मात्र वैध पासपोर्टबरोबर परतीचे तिकीट, निवासाची सोय आणि खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. रोम, लूर्द व फातिमा या तीर्थक्षेत्रांसाठी शेंगेन व्हिसा अनिवार्य आहे.

पासपोर्टचा अर्ज ऑनलाइन करावा. बीडच्या टपाल कार्यालयात सेवा केंद्र आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या जन्मतारखेसाठी शासकीय जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. स्नानसंस्काराचा दाखला नव्हे.

ऊसतोडीऐवजी परदेशी रोजगार शोधणाऱ्या तरुणांना आमची विशेष विनंती : व्हिसामुक्त प्रवेश पर्यटकांसाठी असतो, त्यावर नोकरी करता येत नाही. दहावी अनुत्तीर्ण व्यक्तीस आखाती देशांत कामासाठी जाताना सामान्यतः भारत सरकारची उत्प्रवास परवानगीही घ्यावी लागते. ‘आधी चला, कागद नंतर पाहू’ म्हणणाऱ्या दलालाच्या हाती पासपोर्ट देऊ नये.