मांडवामागची सोय

आपल्या मुलांची लग्ने आता हॉटेलच्या बँक्वेट हॉलमधून बाहेर पडू लागली आहेत. कोणाला द्राक्षमळा हवा असतो, कोणाला जुने लाल बार्न, तर कोणाला नुसतेच कुरण आणि मागे डोंगर. फोटो सुरेख येतात यात शंका नाही. आईवडील भटजी, केटरर, घोडा, ढोल-ताशे यांच्या याद्यांत बुडालेले असतात आणि मग कधीतरी घरातली आजी शांतपणे विचारते, "सगळं छान आहे रे, पण तिथे जायला कुठे आहे?"

आमच्या ओळखीच्या एका घरी असे लग्न निघाले, तेव्हा हे खाते माझ्याकडे आले. धंद्याने मी संगणक सल्लागार. एकाच वेळी किती माणसे तुटून पडतील आणि यंत्रणा कोलमडेल का, हा हिशेब मी पोटासाठी करतोच. हिशेब एका संध्याकाळी उरकला. पण उघड्या माळावर जमलेल्या गर्दीची ही सोय पूर्वी कोण आणि कशी करत असे, हे कुतूहल काही मला स्वस्थ बसू देईना. वाचत गेलो तसे एक लक्षात आले. किती खोल्या लागतील, हे माणसाने बऱ्यापैकी लवकर शोधून काढले. त्या साफ कोण करणार, हे ठरवायला मात्र फार काळ गेला, आणि सोयीचा आकार प्रत्येक वेळी त्या उत्तरावरच ठरला.

आपल्याकडच्या खेड्यातल्या लग्नात 'सोय' हा शब्द जानवशापुरता असे. वऱ्हाडाला उतरायला जागा, आंघोळीला गरम पाणी, चहा, फराळ. बाकीच्या गोष्टीसाठी गावाबाहेरची शेते होती. पुरुष तांब्या किंवा टमरेल घेऊन परसाकडे जात. बायकांना उजाडायच्या आत किंवा अंधार पडल्यावरच जाता येई. लग्नसराई उन्हाळ्यातली, दिवस मोठा. भरजरी शालू नेसलेल्या कितीतरी करवल्या दुपारभर पाणी न पिता मिरवल्या असतील, त्याची नोंद कोणत्या याद्यांत असणार? मोठ्या वाड्यांतून मागच्या बाजूला टोपलीचे संडास असत. टोपली मागच्या बोळातल्या झडपेतून ओढून काढायची, डोक्यावरून वाहून न्यायची. हे काम जातीने ठरलेल्या माणसांकडे होते. मांडवात त्यांना प्रवेश नव्हता. उरलेले अन्न मागच्या दाराने मिळे. लग्नाचे काम त्यांच्यावाचून चालत नव्हते, एवढे खरे.

गर्दीसाठी मुद्दाम बांधलेल्या सोयीचे गाजलेले उदाहरण लंडनचे. १८५१ साली हाइड पार्कमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज या प्लंबरने पाण्याने धुतली जाणारी शौचालये बसवली. एक पेनी दिली की स्वच्छ बैठक, टॉवेल, कंगवा, वर बुटांना पॉलिश. ८,२७,२८० माणसांनी पेनी मोजली. प्रदर्शन सिडनॅमला हलवताना आयोजक ही खोली बंद करायला निघाले होते. जेनिंग्जने हट्ट धरून ती चालू ठेवायला लावली आणि तिने वर्षाला हजार पौंड मिळवून दिले, असे सांगतात. पण जेनिंग्जचे सगळे गणित नळावर आणि गटारावर उभे होते. कुरणात दोन्ही नसतात.

कुरणाचे उत्तर एका खेडवळ पाद्र्याने काढले. डॉर्सेटमधल्या फोर्डिंग्टनचे हेन्री मूल यांनी आपल्या वस्तीत कॉलऱ्याच्या साथी पाहिल्या होत्या. कोरडी माती टाकली की दुर्गंधी जाते आणि काही आठवड्यांत मैल्याचे खत होते, हे त्यांच्या ध्यानात आले. १८६० साली त्यांनी मातीच्या संडासाचे पेटंट घेतले. बैठकीमागे मातीची पेटी, दांडा ओढला की मापाने माती पडते. १८६८ मध्ये विम्बल्डन येथे भरलेल्या स्वयंसेवक सैनिकांच्या छावणीत असे १४८ संडास होते. त्यांतले चाळीस-पन्नास रोज दोन हजार माणसे वापरत, आणि तक्रार नव्हती. मला ही आकडेवारी फार आवडली. पन्नास माणसांमागे एक हे प्रमाण आज भाड्याने शौचालये देणारेही अंगठेनियम म्हणून सांगतात!

हिंदुस्थानातल्या तुरुंगांत आणि छावण्यांत मूलसाहेबांची पद्धत आली, पण इथे बादली उचलायला जात तयार होती. त्यामुळे उपकरण सुधारण्याची निकड कोणाला वाटलीच नाही. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसच्या तात्पुरत्या संडासांची अवस्था पाहून गांधीजींनी स्वयंसेवकांना ती दाखवली, तेव्हा उत्तर मिळाले की हे आमचे काम नव्हे, ते भंग्याचे. गांधीजींनी झाडू मागून घेतला आणि एक संडास साफ केला. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात लिहिला आहे.

इथून पुढचा धागा आपल्या कोकणात येतो, आणि मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. आप्पासाहेब पटवर्धन (१८९४-१९७१) हे रत्नागिरी जिल्ह्यातले उच्चशिक्षित ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. तुरुंगाच्या नियमांप्रमाणे ते विशिष्ट जातीच्या कैद्यांनाच देत, म्हणून नकार मिळाला. आप्पासाहेबांनी अन्नत्यागाचे शस्त्र उपसले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबरात उपोषण सुरू केले आणि सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर सोडले. माणसे तुरुंगात काम टाळायला उपोषण करतील, हे समजू शकते. संडास साफ करायला मिळावा म्हणून केलेले उपोषण विरळाच! पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी याच कामाचे शास्त्र केले. मैला माती-पाल्याखाली कुजू द्यायचा आणि सोनखत झाल्यावरच हलवायचा, म्हणजे ओल्या मैल्याला कोणाचाच हात लागत नाही. मूल यांची माती तीच, पण आप्पासाहेबांनी सुरुवात केली ती उचलणाऱ्या माणसापासून.

त्यांच्या कामाचा वारसा देहूला पोचला. डॉ. एस. व्ही. मापुसकर १९६० साली सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून तुकोबांच्या गावी आले. जंत आणि जुलाबाचे तेच तेच रुग्ण पाहून औषधे देण्यात अर्थ नाही असे त्यांनी ठरवले आणि गावाला संडास बांधायला लावण्याचा नाद घेतला. सुरुवातीला बांधलेले पावसाळ्यात ढासळले. मग आप्पासाहेबांच्या कामाचा आधार घेत, मैल्यापासून गॅस देणारे 'मलप्रभा' संयंत्र त्यांनी विकसित केले. चूल पेटते म्हटल्यावर गावाची नाके जरा सरळ झाली असावीत! २०१५ मध्ये डॉक्टर गेले, आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

देहू म्हटले की वारी आलीच. छोट्याशा गावात एका रात्रीपुरते लाखो पाहुणे मुक्कामाला येतात. उघड्यावरच्या लग्नाचे याहून मोठे रूप मला तरी माहीत नाही, तेही दरवर्षी. पंढरपुरात वर्षानुवर्षे ही घाण सफाई कामगार हाताने उपसत. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे झाले. पंढरपूरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि त्यानंतर चंद्रभागेच्या वाळवंटातले तंबू हटवून भाविकांसाठी नदीपलीकडे पासष्ट एकरांवर व्यवस्था झाली. २०१५ पासून 'निर्मल वारी' या नावाने पालखीच्या मुक्कामांवर फिरती शौचालये उभी राहू लागली. सोय आली ती वारकऱ्यांच्या तक्रारीने नव्हे, ती उपसणाऱ्यांच्या बाजूने कोणी न्यायालयात उभे राहिले म्हणून.

ही फिरती खोली मूळची आपण राहतो त्या अमेरिकेतली. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या गोदीत जहाजावरचे कामगार संडासासाठी पार धक्क्यापर्यंत जात, त्यात वेळ मोडे. म्हणून जहाजावरच लाकडी खोके आणि खाली टाकी ठेवली, असे या धंद्यातले लोक सांगतात. लाकूड वास धरी आणि जडही असे. पुढे फायबरग्लास आले, मग पॉलिएथिलीन. टाकीतल्या निळ्या द्रावणात पूर्वी फॉर्मलडिहाइड असे, आता बहुतेक ठिकाणी त्याऐवजी सौम्य रसायने किंवा एन्झाइमे वापरतात. आणि टोपलीच्या जागी आला पंप लावलेला ट्रक.

ऑगस्ट १९६९ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या बेथेल इथे, एका गवळ्याच्या कुरणात वुडस्टॉकचा जलसा झाला. आगाऊ तिकिटे सुमारे १,८६,००० विकली गेली होती, आली चार लाखांहून अधिक माणसे, आणि शौचालये होती सहाशेच्या आसपास. म्हणजे साडेसहाशे माणसांमागे एकही नाही. त्यावरच्या १९७० च्या माहितीपटात शौचालये उपसणारा एक माणूस काही क्षण दिसतो. काम करता करता तो सहज सांगतो की आपला एक मुलगा इथे या गर्दीत आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये. चित्रपट जगभर गाजला. आपल्याला न विचारता, हसण्याचा विषय करून पडद्यावर दाखवले म्हणून त्या माणसाने निर्मात्यांवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो निकालात काढला होता, पण १९७३ मध्ये अपील न्यायालयाने खटला चाललाच पाहिजे असे ठरवले.

आता आपल्या लग्नाकडे. तीनशे पाहुणे धरले, तर पन्नासाला एक या नियमाने सहा खोल्या पुरतील असे कंपनी सांगेल. पण तो नियम चार-एक तासांच्या समारंभाचा, आणि सरासरीचा. आपल्याकडे गर्दी दोनदा उसळते, मुहूर्ताच्या अर्धा तास आधी आणि जेवणानंतर. त्या अर्ध्या तासात शंभर माणसे आली आणि प्रत्येकाला तीन मिनिटे लागली, तर तीनशे मिनिटे झाली. तीसने भागा, दहा खोल्या. आणि नऊवारीला तीन मिनिटे पुरत नाहीत हे कोणत्याही काकूंना विचारा. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियाने सार्वजनिक जागी बायकांसाठी पुरेशी शौचालये असावीत असा कायदा केला, तो एका सिनेटरच्या पत्नीला आणि मुलीला संगीताच्या कार्यक्रमात रांगेत ताटकळावे लागले म्हणून. २००५ मध्ये न्यू यॉर्क शहराने नव्या सभागृहांना दोनास एक असे प्रमाण घालून दिले. तेच धरा, बायकांकडे जास्त.

प्लास्टिकच्या खोक्यात शालू सावरता येत नाही, त्यासाठी रुंद ट्रेलर घ्या. ज्येष्ठांसाठी रॅम्प आणि दांड्या असलेली खोली मांडवाजवळच्या सपाट जागी हवी. हात धुवायला वाहते पाणी, रात्री दिवा, आणि आपल्या सवयीसाठी प्रत्येक खोलीत पाण्याची बाटली. शेताची विहीर कुठे आहे हे आधी विचारून तिच्यापासून लांब राहा, आणि स्वयंपाकाच्या तंबूच्या वाऱ्याकडे तोंड करू नका. दिवस लांबणार असेल तर मधल्या सफाईचे करारातच लिहून घ्या, म्हणजे जेवणानंतर एखाद्या भाच्याच्या हाती झाडू येणार नाही. ट्रक भरलेला परत जातो तेव्हा फार जड असतो. ओल्या गवतात रुतेल अशी वाट त्याला देऊ नका, आणि घोड्याची वरात त्याच फाटकातून काढू नका.