रंग बदलला, यीस्ट तेच

साल 1871. ब्रसेल्सहून अँटवर्पकडे जाणाऱ्या वाटेवर, साधारण मधोमध, तुम्ही उभे आहात. दोन्ही बाजूंना फ्लँडर्सची सपाट शेतं, समोर ब्रेंडोंक नावाचं छोटं गाव. वाऱ्याबरोबर गोडसर, भाजका वास येतो. मोड आणून वाळवलेली बार्ली गरम पाण्यात भिजत पडली की असा वास सुटतो. त्या वासाच्या मागोमाग चला. यान-लिओनार्ड मोर्टगाट आणि त्यांची पत्नी मारिया दे ब्लॉक यांनी याच वर्षी इथे बीअर बनवायला सुरुवात केली आहे.

आत वाफ दाटली आहे. बार्लीचा गोड अर्क कढईत उकळतोय, त्यात हॉप्सची फुलं पडली की गोडव्याला कडवट धार येते. पाहायला सुंदर आहे, पण बेल्जियममध्ये यात नवल असं काही नाही. विसावं शतक उजाडेल तेव्हा या एवढ्याशा देशात बीअरचे तीन हजारांहून अधिक कारखाने असतील. त्यातले बहुतेक पुढे बंद पडणार आहेत. हे घर का टिकलं, ते पाहायचं असेल तर थोडं पुढे सरका.

आता पहिलं महायुद्ध संपलं आहे. देश चार वर्षं जर्मनांच्या ताब्यात होता आणि त्यांनी बेल्जियमच्या कारखान्यांतल्या तांब्याच्या कढया उचलून नेल्या आहेत. मोर्टगाटांचा कारभार पुढच्या पिढीकडे आला आहे. आल्बर्ट बीअर करतो, व्हिक्टर घोडागाडीतून ती ब्रसेल्सला पोचवतो. राजधानीत इंग्रजी आणि स्कॉटिश एल बीअरची चलती आहे. तशी बीअर करायची तर नुसती कृती माहीत असून भागत नाही, तिचं यीस्ट हवं. म्हणून आल्बर्ट स्कॉटलंडला निघतो. तुम्हीही त्याच्यासोबत बोटीवर चढा.

घराण्यात ही गोष्ट आजही सांगतात. स्कॉटलंडचे बीअरवाले त्याला दारातूनच परत पाठवतात. तो हटत नाही, आणि शेवटी यीस्टचा एक नमुना मिळवूनच गावी परततो. त्याची ही चिकाटी समजायला आपल्याला जड जाऊ नये. यीस्ट म्हणजे बीअरचं विरजण. आजच्यातलं थोडं काढून उद्यासाठी ठेवायचं, वाढवायचं, बिघडू द्यायचं नाही. त्या नमुन्याचा वंश ब्रेंडोंकमध्ये आजही वाढतोय. शंभर वर्षांनंतरही या घराची बीअर त्याच यीस्टवर आंबवली जाते.

त्यातून तयार झालेली बीअर दाट रंगाची आहे. युद्ध संपल्याच्या आनंदात तिचं नाव ठेवलंय ‘व्हिक्टरी एल’. 1923 साली गावातली काही मंडळी ती चाखायला जमली आहेत. तुम्हीही पेला उचला. पहिला घोट सरळ जातो, आणि मग छातीत ऊब पसरते. जोडे शिवणारे वान दे वाउवर पेला खाली ठेवून म्हणतात, ही तर खरीखुरी ‘डुवेल’ आहे. डुवेल म्हणजे त्यांच्या बोलीत सैतान. कॅथलिक फ्लँडर्समध्ये बाटलीवर सैतानाचं नाव छापायला धाडस लागतं. मोर्टगाट ते दाखवतात आणि ‘व्हिक्टरी’ पुसून टाकतात.

वेळही अचूक साधली गेली आहे. 1919 पासून न्यायमंत्री एमिल वांदरवेल्द यांच्या कायद्याने कॅफेत कडक मद्य विकायला बंदी आहे, आणि ही बंदी साठहून अधिक वर्षं टिकणार आहे. जिनच्या पेल्याला मुकलेल्या गिऱ्हाइकाला कडक बीअर हवीच असते.

मधली वर्षं ओलांडताना एका ठिकाणी थांबावंच लागतं. 1940 ते 1944 या काळात ब्रेंडोंक हे नाव घेतलं की बेल्जियन माणसाला बीअर आठवत नाही, गावाजवळचा किल्ला आठवतो. नाझींनी तिथे तुरुंगछावणी केली होती. तिथे कैद्यांचा छळ झाला, माणसं मारली गेली, कित्येकांना पुढच्या छावण्यांकडे पाठवलं गेलं. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. ब्रेंडोंकला गेलात तर आधी तिथे जा.

आता 1970. कारभार तिसऱ्या पिढीच्या हाती आहे. सगळीकडे फिक्या सोनेरी पिल्सनरचं राज्य आहे आणि दाट रंगाच्या जुन्या एल मागे पडत चालल्या आहेत. लूव्हाँ विद्यापीठाचे प्राध्यापक जाँ द क्लेर्क हे बीअरच्या शास्त्रातले मोठे जाणकार. त्यांच्या मदतीने मोर्टगाट आपली बीअर नव्याने बांधतात. धान्य फिकं घेतात. हॉप्स बोहेमियाच्या साझ जातीचे आणि स्लोव्हेनियाचे स्टिरियन गोल्डिंग. आंबवताना साखरही घालतात, त्यामुळे बीअर कडक होऊनही जिभेला जड लागत नाही. पेला उजेडात धरून पाहा. पिल्सनरसारखा सोनेरी रंग, वर पांढराशुभ्र फेस, आणि आत 8.5 टक्के अल्कोहोल. पिल्सनरमध्ये ते 5 टक्क्यांच्या आसपास असतं.

हा पेलाही नवा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस आलेला, ट्युलिपच्या फुलासारखा पोटाशी गोल आणि वर निमुळता. डुवेलमध्ये वायू इतका भरलेला असतो की साध्या पेल्यात फेसच मावत नाही. यात 33 सेंटिलिटरची अख्खी बाटली एका दमात ओतता येते.

आता आजच्या दिवसात या. महामार्गावरून कारखान्याची पांढरी भिंत दिसते. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: शूऽऽ, इथे डुवेल मुरतेय. आत चला. बाटल्या भरताना त्यांत पुन्हा थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि त्या उबदार तळघरात ठेवतात. तिथे 24 अंश तापमान असतं. बंद बाटलीत बीअर दुसऱ्यांदा आंबते, आणि तो सळसळता वायू तिथेच तयार होतो. दोन आठवड्यांनी बाटल्या थंड तळघरात जातात आणि सहा आठवडे तिथेच राहतात. कढईपासून दुकानापर्यंत एका बाटलीला सुमारे 90 दिवस लागतात. बाटल्यांच्या या रांगांमधून फिरताना कळतं की इथे जागा किती मोलाची आहे. भरलेला माल न विकता दोन-दोन महिने ठेवायला जागा लागते.

चौथ्या पिढीने 1999 मध्ये कंपनी शेअर बाजारात नेली आणि 2013 मध्ये पुन्हा घराकडे घेतली. मधल्या काळात आशूफ, लीफमान्स, दे कोनिंक ही बेल्जियन नावंही तिच्या पंखाखाली आली. 2016 मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बीअर संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. अशा सन्मानानंतर जे आहे ते जसंच्या तसं जपून ठेवावं, असं वाटणं साहजिक आहे. मोर्टगाटांच्या घरात दीडशे वर्षं तसं झालेलं नाही. त्यांनी नाव बदललं, रंग बदलला, पेला बदलला. स्कॉटलंडहून आणलेलं यीस्ट मात्र सोडलं नाही आणि बीअरला मुरायला लागणारे दिवस कापले नाहीत. तिसऱ्या पिढीने जुन्या रंगाचा हट्ट धरला असता तर डुवेल गावापुरती राहिली असती, कदाचित बंदही पडली असती. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, ही पारख या घराने पिढ्यान्‌पिढ्या केली, म्हणून ते टिकलं. माझ्या मते वारसा चालवणाऱ्या कुणालाही ब्रेंडोंककडून शिकण्यासारखं आहे ते हेच.